सुषिर वाद्यांच्या मुखभागाची सुरक्षित स्वच्छता : धाराशिव जिल्ह्यातील वाद्यपरंपरेच्या संदर्भात

गोषवारा : तोंडाने फुंकून वाजविल्या जाणाऱ्या वाद्यांच्या मुखभागावर लाळ, अन्नकण व बाष्प यांचा थर साठतो आणि त्यात जीवाणू व बुरशी वाढतात. हा मुखभाग एबोनाइट, पितळ, गवताची पत्ती, लाकूड किंवा शंख अशा भिन्न पदार्थांचा असल्यामुळे एकाला हितकारक ठरणारे द्रव्य दुसऱ्याचा नाश करते. प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्यात प्रचलित असलेल्या वाद्यांचा व महाविद्यालयांच्या सामायिक वाद्यसंग्रहाचा विचार करून स्वच्छतेची पद्धती मांडली आहे.

बीजसंज्ञा : सुषिर वाद्य, मुखभाग, पत्ती, एबोनाइट, बुरशी, अतिसंवेदनशील फुप्फुसदाह.

प्रास्ताविक

आश्विन शुद्ध प्रतिपदेस तुळजापूर येथे घटस्थापना झाली की पुढील पंधरवडाभर या गावात वाद्यांचा आवाज थांबत नाही. संबळ व झांज यांच्या जोडीला तुतारी असते, आरतीच्या वेळी शंख असतो. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते, पौषात नळदुर्गजवळ खंडोबाची. लग्नसराईत सनई व हलगी यांचा ताफा तर असतोच. शिवाय क्लॅरिनेट, ट्रंपेट व सॅक्सोफोन बाळगणारी बँड पथकेही गावोगाव फिरतात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या तुकड्यांजवळ बिगुल असते. आपल्या महाविद्यालयांच्या सांस्कृतिक विभागांत युवक महोत्सवातील लोकवाद्यवृंदाच्या निमित्ताने तुतारी, सनई, बासरी अशी वाद्ये थोडीबहुत जमा झालेली असतात आणि वर्षातील दहा-अकरा महिने ती कपाटात पडून असतात.

या वाद्यांच्या सांगीतिक व सामाजिक बाजूंवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. मराठवाड्याला तर या विषयाचा वारसाच आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाचा सहावा अध्याय संपूर्णपणे वाद्यांना वाहिलेला आहे, आणि तत, अवनद्ध, घन व सुषिर हे जुने चतुर्विध वर्गीकरण त्यातही आढळते. तथापि वाद्याचा जो दोन-तीन इंचांचा भाग प्रत्यक्ष वादकाच्या ओठांना लागतो त्याच्या स्वच्छतेचा प्रश्न मात्र वादकाच्या वैयक्तिक सवयीवर सोडून दिला गेला. घराण्यातून शिकलेल्या सनईवादकाला ही सवय असते. महाविद्यालयात आठवडाभराच्या तालमीसाठी कपाटातून तुतारी उचलणाऱ्या विद्यार्थ्याला ती नसते. त्याच्या हाती ती तुतारी देणारे आपणच असतो, म्हणून हा विषय प्राध्यापकवर्गापुढे ठेवण्याचे प्रयोजन.

आपल्या घरांत उष्ट्याचा विचार बारकाईने केला जातो. दुसऱ्याने ओठ लावलेला पेला आपण विसळल्याशिवाय घेत नाही. प्रवासात तर पाणी वरूनच पितो. परंतु तेच बिगुल सकाळच्या कवायतीत एकापाठोपाठ चौघांच्या तोंडी गेले तरी कोणास त्यात वावगे वाटत नाही. फार झाले तर सदऱ्याच्या बाहीने ते पुसले जाते.

मुखभागावर काय साठते

वादकाच्या श्वासातील हवा शरीराच्या तापमानाची व बाष्पाने भरलेली असते. वाद्याच्या तुलनेने थंड नळीत ती शिरली की बाष्पाचे पाणी होते. ट्रंपेटची कळ दाबून जे पाणी खाली सोडले जाते त्यास लोक लाळ समजतात, पण त्याचा मोठा भाग या गोठलेल्या बाष्पाचा असतो. खरी लाळ प्रामुख्याने मुखभागात राहते. लाळेत प्रथिने असतात, साखर व पिष्टाचे अंश असतात आणि कॅल्शियम व फॉस्फेटचे क्षार असतात. दातांवर ज्या रीतीने कीटण चढते त्याच रीतीने क्लॅरिनेटच्या माउथपीसच्या आतील बाजूस पांढुरका, खरखरीत थर चढतो. आपल्याकडील बहुतेक कूपनलिकांचे पाणी जड असल्याने त्या पाण्याने विसळून तसेच वाळविलेल्या माउथपीसवर या थरात आणखी भर पडते.

येथे एका स्थानिक सवयीचा उल्लेख टाळता येत नाही. वरातीत रात्र जागविणाऱ्या वादकांपैकी कित्येकांच्या गालात तंबाखू किंवा सुपारी असते आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळेत गोड चहा होतो. सुपारीचा चुरा पत्तीच्या फटीत अडकतो, तंबाखूचा तपकिरी रस लाळेच्या थरात मुरतो आणि चहातील साखर जीवाणूंस आयते खाद्य पुरविते. वाजविण्यापूर्वी दोन चुळा भरणे हा पुढे सांगितलेल्या सर्व उपायांपेक्षा सोपा उपाय आहे, आणि माझ्या मते अधिक परिणामकारकही.

या थरात प्रत्यक्ष काय राहते याची मोजणी झालेली आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे आर. थॉमस ग्लास व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शाळेच्या बँडमधील १३ वाद्यांच्या ११७ जागांवरून नमुने घेतले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार त्यांतून ४४२ प्रकारचे जीवाणू, ५८ बुरशी व १९ यीस्ट वेगळे करण्यात आले. यातील काही वाद्ये महिनाभर कोणी वाजविली नव्हती, तरीही त्यांवर जंतू जिवंत होते. ही संख्या ऐकून घाबरण्याचे कारण नाही. निरोगी माणसाच्या तोंडातही शेकडो प्रकारचे जीवाणू सुखाने नांदतात. त्याच वर्षी बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील बोनी मार्शल व स्टुअर्ट लेव्ही यांनी सामायिक वाद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळलेले बहुतेक जीवाणू सामान्य व निरुपद्रवी होते, मात्र ते नळीपेक्षा माउथपीस व रीडवर अधिक प्रमाणात होते. मुद्दाम लावलेले नेहमीचे जंतू एक-दोन दिवसांत नष्ट झाले. क्षयरोगाच्या जंतूचा दुर्बल केलेला प्रकार मात्र १३ दिवसांपर्यंत टिकून राहिला.

हा शेवटचा आकडा नीट समजून घेतला पाहिजे. क्षयरोग मुख्यतः रुग्णाच्या खोकल्यातून हवेत उडालेल्या सूक्ष्म कणांमार्फत पसरतो. वस्तूला स्पर्श केल्याने तो पसरतो असे मानले जात नाही. तेव्हा बिगुलामुळे क्षय होतो अशी आवई उठविणे चुकीचे होईल. ओठांवर येणारी तापाची पुरळ, सर्दीचे विषाणू, घशाचे व त्वचेचे संसर्ग यांच्या बाबतीत मात्र ओला मुखभाग लगोलग दुसऱ्याच्या तोंडात जाणे हा सरळ मार्ग आहे. एका वादकाकडून दुसऱ्याकडे वाद्य जाताना मध्ये गेलेला वेळ आणि मुखभागाचा कोरडेपणा यांवर धोका ठरतो.

फुप्फुसापर्यंत जाणारा मार्ग

संसर्गापेक्षा वेगळा व अधिक दुर्लक्षित धोका बुरशीचा आहे. तो सामायिक वाद्यापुरता मर्यादित नाही. स्वतःचे वाद्य एकट्यानेच वाजविणाऱ्यासही तो असतो. वाद्याच्या आत वाढलेल्या बुरशीचे सूक्ष्म कण वादक प्रत्येक श्वासाबरोबर थोडे थोडे आत घेत राहतो. काही व्यक्तींच्या फुप्फुसांत त्याविरुद्ध शरीराची तीव्र प्रतिक्रिया सुरू होते. या विकारास अतिसंवेदनशील फुप्फुसदाह असे म्हणता येईल. ओले वैरण हाताळणाऱ्या शेतकऱ्यांत आणि कबुतरे पाळणाऱ्यांत तो पूर्वीपासून परिचित आहे.

२०१० मध्ये अमेरिकेतील कनेटिकट येथील डॉक्टरांनी ३५ वर्षे वयाच्या एका ट्रॉम्बोनवादकाची हकिगत प्रसिद्ध केली. त्यास तब्बल १५ वर्षे खोकला होता. वाद्यातून बुरशी व जीवाणू निघाले. वाद्य नियमितपणे स्वच्छ करू लागल्यावर खोकला ओसरला. २०१३ मध्ये जॉर्जिया राज्यातील एका क्लॅरिनेटवादकाचे उदाहरण पुढे आले. दम्याचे उपचार घेऊनही त्यास गुण येत नव्हता, आणि त्याचे क्लॅरिनेट ३० वर्षे साफ झालेले नव्हते. सर्वांत दुःखद हकिगत मँचेस्टरची आहे. रोज बॅगपाइप वाजविणाऱ्या एका गृहस्थांचा श्वास वर्षानुवर्षे कमी होत गेला. २०११ मध्ये ते तीन महिने ऑस्ट्रेलियात राहिले, बॅगपाइप घरीच राहिला होता, आणि तेवढ्या काळात त्यांना झपाट्याने आराम पडला. कारण ध्यानात येईपर्यंत उशीर झाला होता. २०१४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या वाद्याच्या पिशवीत, नळ्यांत व मुखभागात निरनिराळ्या बुरशी सापडल्याचे २०१६ मध्ये ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अशी उदाहरणे जगभरात मोजकीच नोंदली गेली आहेत. ती विरळ आहेत म्हणून मोजकी आहेत, की रुग्णाला वाद्याविषयी कोणी विचारीत नाही म्हणून, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आपल्या जिल्ह्यातील पन्नाशीचा सनईवादक कोरडा खोकला घेऊन दवाखान्यात गेला तर त्याला विडीविषयी विचारले जाईल, चुलीच्या धुराविषयी विचारले जाईल, थुंकीची तपासणीही होईल. आपण काय वाजवता आणि ते कधी धुतले होते, हा प्रश्न त्यास विचारला जाण्याची शक्यता फार कमी. सनई-हलगीची परंपरा आपल्याकडे होलार, मातंग, गुरव अशा समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. त्यांतील पुष्कळ वादक हंगाम संपल्यावर शेतमजुरी करतात. त्यांचा खोकला धुळीच्या खात्यावर मांडून मोकळे होणे सर्वांनाच सोयीचे असते.

धुणे आणि निर्जंतुक करणे

या दोन क्रिया भिन्न आहेत व त्यांचा क्रम उलटवता येत नाही. लाळेचा थर जागेवर असताना त्यावर कितीही उत्तम जंतुनाशक ओतले तरी ते वरच्या वर राहते. प्रथिनांच्या थराखालील जीवाणू सुरक्षित असतात. म्हणून आधी साबण, पाणी व मऊ ब्रश यांनी थर काढावयाचा, नंतर आवश्यकता असल्यास जंतुनाशक वापरावयाचे, आणि शेवटी वाळवावयाचे. रुग्णालयीन साधनांची जी वर्गवारी अर्ल स्पॉल्डिंग यांनी मांडली तीत शरीराच्या आतील ओल्या अस्तरास लागणारी वस्तू मधल्या वर्गात मोडते. तिला नुसत्या पुसण्यापेक्षा अधिक काळजी लागते. वाद्याचा मुखभाग हे काही शस्त्रक्रियेचे हत्यार नव्हे, परंतु तो ओठांच्या आतच असतो एवढे ध्यानात ठेवावे. एकट्याच्या वाद्यास रोज धुणे व वाळविणे पुरेसे आहे. वाद्य हस्तांतरित होणार असेल किंवा वादक नुकताच आजारातून उठला असेल तरच जंतुनाशकाची गरज पडते.

जंतुनाशक म्हणून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल सर्वांत सोयीचे. शुद्ध अल्कोहोल अधिक प्रभावी असेल असा समज आहे, तो बरोबर नाही. जीवाणूतील प्रथिनांचा नाश होण्यास थोडे पाणी असावे लागते आणि शुद्ध अल्कोहोल तर काम होण्याआधीच उडून जाते. ओला केलेला पृष्ठभाग निदान एक मिनिट ओला राहिला पाहिजे. त्यानंतर तो पूर्ण सुकू द्यावा आणि स्वच्छ पाण्याने पुसून मगच वाद्य तोंडास लावावे. रंगाच्या दुकानातील स्पिरिट कदापि वापरू नये. त्यात मिथेनॉल हे विष असू शकते. २०२० नंतर प्रत्येक कार्यालयात आढळणाऱ्या हात चोळण्याच्या जेलमध्ये ग्लिसरीन व सुगंध असतात, ते मुखभागावर चिकट थर ठेवतात. जखमा धुण्याची तीव्र वासाची द्रावणे तोंडात जाण्यासाठी बनविलेली नसतात, तेव्हा तीही बाजूस ठेवावीत.

पदार्थ ओळखून उपाय

क्लॅरिनेट व सॅक्सोफोन यांचे काळे माउथपीस बहुधा एबोनाइटचे असते. नैसर्गिक रबरात गंधक भरपूर प्रमाणात, वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, मिसळून व तापवून हा कठीण पदार्थ तयार होतो. त्याचे दोन शत्रू आहेत, उष्णता आणि ऊन. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात युवक महोत्सवाच्या आदल्या दिवशी एका कर्तव्यदक्ष सेवकाने बँडची सर्व माउथपीस एकत्र पातेल्यात उकळून काढली. पितळेची होती तशीच राहिली. एबोनाइटची दोन मात्र मातकट हिरवी झाली, त्यांना जळक्या गंधकाचा वास येऊ लागला आणि रीड बसते ती सपाट बाजू किंचित वाकली. केसाइतका बाकही तेथे पुरेसा असतो. रीड व माउथपीस यांच्यामधील फट बदलली की स्वर धड निघत नाही. ती दोन्ही माउथपीस टाकून द्यावी लागली. उन्हात वाळत घातल्यानेही हळूहळू तेच होते. प्रकाश व हवा यांमुळे पृष्ठभागावरील गंधकाचे ऑक्सिडीकरण होऊन तेथे आम्ल तयार होते, रंग हिरवट पडतो आणि चव कडवट लागते. उन्हात टाकले की सगळे शुद्ध होते, हा आपला घरगुती विश्वास येथे उपयोगी पडत नाही.

एबोनाइटसाठी पाणी हाताला जेमतेम कोमट लागेल एवढेच असावे. प्रथम पट्टा सैल करून रीड काढावी. माउथपीसवर भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकून लहान मुलांच्या मऊ दातब्रशने आतून-बाहेरून घासावे. ब्रशचा धातूचा अथवा कठीण भाग टोकाच्या पातळ कडेस लागू देऊ नये. मागील टोकाशी बूच बसविलेले असल्यास ते भिजवू नये. पांढरा थर जात नसेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी घालून त्यात कापूस भिजवावा, तो त्या जागेवर चार-पाच मिनिटे ठेवावा आणि धुवून टाकावे. सुरी, टाचणी किंवा नख लावण्याचा मोह आवरावा. रीड पुसताना जाड बाजूकडून टोकाकडे एकाच दिशेने पुसावी व सपाट पृष्ठावर सावलीत ठेवावी. माउथपीसमध्येच अडकवून पेटीत बंद केलेली ओली रीड दोन-तीन दिवसांत काळी पडते. तो काळा डाग बुरशीचा असतो आणि ती रीड धुण्याच्या नव्हे, टाकण्याच्या योग्यतेची असते.

ट्रंपेट, कॉर्नेट व बिगुल यांच्या पितळी माउथपीसचे काम सोपे आहे. ते सुटे होते, त्यावर बहुधा चांदीचा मुलामा असतो, साबण व गरम पाणी त्यास चालते आणि निखळ धातूचे असल्यास उकळलेही चालते. पेल्यापेक्षा मागची निमुळती नळी अधिक घाण असते; तीत जाईल असा बारीक ब्रश लागतो. मुलामा उडून खालचे पितळ उघडे पडले असेल तर मात्र विचार केला पाहिजे. लाळेमुळे त्यावर हिरवा जंग चढतो. हे तांब्याचे क्षार असून ते पोटात जाणे बरे नव्हे, आणि काहींच्या ओठांना त्यामुळे खाजही सुटते. असे माउथपीस पुन्हा मुलामा करून घ्यावे. ग्रामपंचायतीकडे सहज मिळणारी ब्लीचिंग पावडर पितळ व चांदी दोहोंस खाते. ती येथे निषिद्ध मानावी.

तुतारीचे तोंड बहुतेक वेळा नळीला जोडलेलेच असते. यात्रेपूर्वी तुतारी चिंचेने घासून लखलखीत करण्याची चाल आहे. बाहेरून त्यास हरकत नाही, पण तोंडाच्या कडेवर व आतील बाजूस राहिलेला चिंचेचा आंबट गाळ पितळेतून तांबे सोडवीत राहतो. घासल्यावर तोंडाकडील हातभर भाग भरपूर पाण्याने धुवून, पातळ फडक्याची वळकटी दोऱ्याने ओढून तो आतून कोरडा करावा.

शंखाच्या बाबतीत तर चिंच, लिंबू व व्हिनेगर यांचा स्पर्शही नको. शंख जवळजवळ संपूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. आम्ल लागताच त्यावर बुडबुडे येतात. ते घाण निघाल्याचे लक्षण समजले जाते, वस्तुतः शंखच विरघळून त्याचा कार्बन डायऑक्साइड होत असतो. फुंकण्याच्या छिद्राची गुळगुळीत कड अशा दोन-चार स्वच्छतांत खडबडीत होते, ओठांना बोचू लागते आणि त्या खडबडीत जागेत घाण अधिकच बसते. शंखाला साधे पाणी, सौम्य साबण आणि उपडा ठेवून निथळणे एवढेच पुरे. आतील वळणांत पाणी राहते म्हणून तो बराच वेळ उपडा ठेवावा लागतो, इतकेच.

आता सनई. शेजारच्या सोलापुरात जाधव घराण्याने जपलेली सुंद्री हे तिचेच धाकटे रूप, आणि पुढील मजकूर तिलाही लागू आहे. येथे मुखभाग म्हणजे पत्ती. ती वनस्पतीच्या पातळ पात्यांची, दुहेरी, दोऱ्याने बारीक धातूच्या नळीवर बांधलेली असते. जाणता वादक वाजविण्यापूर्वी ती ओली करून मऊ करतो आणि सनईला दोऱ्याने दोन-चार जादा पत्त्या व एक सुई अडकवून ठेवतो. या जादा पत्त्यांत मोठे शहाणपण आहे. एक पत्ती ओली असताना दुसरी वाळते, आणि कोणतीही पत्ती सलग दिवसभर ओली राहत नाही. पत्ती ओली करण्यासाठी उकळून गार केलेले पाणी वाटीत घ्यावे. कार्यक्रम संपल्यावर ती त्याच पाण्यात हलवून, दोन बोटांच्या पेरांत स्वच्छ सुती कापड धरून हलकेच टिपावी. फटीतील कण सुईने काढावा, पण पाते उचकटू नये. तिला स्पिरिट लावू नये. पाते कोरडे पडून चिरते आणि अल्कोहोल आत मुरून पुढे जिभेवर उतरते. उकळू तर मुळीच नये. पत्ती निर्जंतुक करण्याचा खात्रीचा उपाय नाही, आणि म्हणूनच ती एका माणसाचीच असली पाहिजे. सनई उसनी देता येते, पत्ती नाही. जुने वादक आपल्या पत्तीला कोणास हात लावू देत नाहीत तो नुसता तऱ्हेवाईकपणा नव्हे.

सनईच्या लाकडी नळीस आणखी एक धोका आहे. तिच्यावर लाखेचे पॉलिश असल्यास स्पिरिटच्या एका बोळ्यानेही ते विरघळून डाग पडतात. लाकूड पाण्यात बुडवू नये. दमट फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. बासरीलाही हाच नियम.

पाण्याच्या टंचाईत

आपला जिल्हा अवर्षणप्रवण. चैत्र-वैशाखात, म्हणजे ऐन लग्नसराईत, कित्येक गावे टँकरवर असतात. अशा वेळी वाहत्या नळाखाली वाद्य धुवा असा उपदेश करणे हास्यास्पद ठरेल. सुदैवाने या कामास पाणी फारसे लागत नाही. एका माउथपीससाठी दोन पेले पुरतात : एकात साबणाचे पाणी करून ब्रश बुडवीत घासावयाचे, दुसऱ्यातील स्वच्छ पाणी थोडे थोडे ओतून विसळावयाचे. शेवटचे विसळणे पिण्याच्या पाण्याने व्हावे, म्हणजे कूपनलिकेचे क्षार मागे राहत नाहीत. ज्या दिवशी तेवढेही पाणी नाही त्या दिवशी मुखभाग कोरड्या सुती फडक्याने आतून-बाहेरून टिपून उघड्यावर, सावलीत, वारा लागेल असा ठेवावा. आपल्याकडील उन्हाळ्याची कोरडी हवा येथे उपकारक ठरते. बुरशीला ओल लागते, आणि ओल गेली की निम्मे काम झाले.

कपाटाचा प्रश्न

खरी अडचण पावसाळ्यात आणि बंद कपाटात आहे. युवक महोत्सव संपतो, निकाल लागतात, सर्वांना परतीच्या गाडीची घाई असते आणि वाद्ये ओल्या मुखभागासह पेटीत जातात. पेटीच्या आत मखमलीचे अस्तर असते. ते ओल शोषून धरते. पुढच्या वर्षी पेटी उघडल्यावर येणारा कुबट वास हा जुन्या वस्तूचा वास नसून बुरशीचा असतो, आणि अशी पेटी विद्यार्थ्याने नाकाजवळ नेऊन उघडू नये. ती मोकळ्या जागी उघडून अस्तर उन्हात तापवावे (अस्तराला ऊन चालते, एबोनाइटला नाही), पेटी हवेशीर होईपर्यंत वाद्य बाहेर ठेवावे आणि मुखभाग वर सांगितल्याप्रमाणे धुवावा. अनेक महिने पडून असलेली रीड किंवा पत्ती विचार न करता टाकावी.

त्याहून महत्त्वाचा निर्णय खरेदीचा आहे. वाद्य महाग असते, माउथपीस व बिगुलाचे सुटे तोंड त्या मानाने स्वस्त. चार विद्यार्थ्यांत एक बिगुल असेल तर चार सुटी तोंडे घ्यावीत आणि प्रत्येकावर नाव लिहिलेली कापडी पिशवी द्यावी. प्लास्टिकची नको, तीत ओल कोंडते. सनईसाठी पत्त्यांचा खर्च अंदाजपत्रकात दरवर्षीचा म्हणून धरावा. साहित्य नोंदवहीत वाद्याचे नाव, संख्या व स्थिती असे रकाने असतात. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखता येईल : वाद्य परत घेतल्याची तारीख, मुखभाग धुऊन वाळविला किंवा नाही, आणि परत घेणाऱ्याची सही. तो रकाना रिकामा असेल तर पेटीला कुलूप लावू नये.